डाव्या चाकाचे आठ नट

वटार,
रविवार, १६ जून १९९६

प्रिय फर्डिनंददादा,

तू बहारीनला परत गेल्याला महिना झाला आणि तुझं पत्र आलं ते लोणच्याची बरणी बॅगेत सांडली हे कळवायला. बरणीचं झाकण मी लावलं होतं. निघताना तू ते पुन्हा उघडून तपासलंस. बाकी मी काही बोलत नाही.

इथं नांगरणी सुरू झाली आहे. सकाळी आपला ट्रॅक्टर शेतात, दुपारनंतर बोळिंजच्या नव्या इमारतींना विटा. तू रजेत रंगवून दिल्यापासून तो लांबूनही ओळखू येतो. मिस्सा सुटल्यावर फादर म्हणाले, क्लेमेंटीन, नवा घेतलास की काय. मी म्हटलं, नाही फादर, भावाला रजेत स्वस्थ बसवत नाही.

आता गाऱ्हाणं. संग्राम तुला पहिल्यापासून पटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वीस वर्षं सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्या ओढलेला माणूस आहे, आचोळ्याहून रोज सायकलने वेळेवर येतो, दारूला शिवत नाही. असा ड्रायव्हर मला इथं मिळत नाही. त्याचं एकच खूळ आहे. रोज सकाळी मागच्या डाव्या चाकाशी बसतो आणि अर्धा तास नट आवळतो. उजव्याचे जागचे हलत नाहीत, डाव्याचे दोन दिवसांनी थोडे फिरलेले असतात, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, असं का होतं. तर म्हणाला, "बाई, हे चाक नीट बसलेलं नाही." म्हणजे काय झालंय? तर ते सांगता येत नाही. "दादांना एकदा लिहून विचारा," म्हणतो. म्हणून विचारते. बोळिंजचा बांधकामवाला विटा उशिरा येतात म्हणून रोज माझ्या डोक्याशी कटकट करतो, आणि हा चाकापुढे मांडी घालून बसलेला.

उत्तर लवकर पाठव. पॉलिनवहिनीला सांग, तिच्या मोगऱ्याला कळ्या धरल्या आहेत.

तुझी
क्लेमेंटीन

---

बहारीन,
शुक्रवार, २८ जून १९९६

प्रिय क्लेमेंटीन,

येशूच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. पॉलिनच्या हॉस्पिटलात सध्या माणसं कमी आहेत, त्यामुळे तिला दुहेरी पाळी आहे.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. बावीस वर्षं मी वर्कशॉपमध्ये आहे, त्यातली नऊ फोरमन म्हणून. माझ्या हाताखालून रोज दहा-बारा अवजड गाड्यांची चाकं निघतात आणि बसतात. आणि मला आता आचोळ्याचा ड्रायव्हर सांगणार की चाक बसलेलं नाही. ते चाक मी स्वतः बसवलंय, निघायच्या आदल्या दिवशी, पाच फुटी पाइप पान्याला लावून.

त्याला एक गोष्ट कळत नाही, तू समजून घे. नट रोज रोज आवळला की तो ज्यावर फिरतो तो आतला बोल्ट, म्हणजे स्टड, ताणला जातो. ताणलेला स्टड मऊ पडतो आणि एक दिवस तुटतो. म्हणजे काळजी घेतोय असं दाखवता दाखवता तो चाक निकामी करतो आहे. पंधरा दिवसांतून एकदा नट तपासायचे, तेही तुझ्यासमोर. मधे हात लावायचा नाही. ऐकत नसेल तर मोठा पाना तू कपाटात ठेव आणि चावी तुझ्याकडे ठेव.

आणि माझ्या मते हा सगळा सकाळी अर्धा तास बसून काढण्याचा बहाणा आहे. तू फार लवकर ऐकतेस लोकांचं. बाबाही असेच होते.

तुझा
फर्डिनंद

---

वटार,
शनिवार, २० जुलै १९९६

प्रिय दादा,

फोनवर तीन मिनिटांत काय सांगणार होते, आणि त्यातली दीड मिनिटं तू "ट्रॅक्टर कुठे आहे" हेच विचारत होतास. म्हणून नीट लिहिते.

बुधवारी, सतराला, संग्राम विटा घेऊन बोळिंजला चालला होता. ट्रॉली भरलेली. उतार लागतो तिथं मागचं डावं चाक निघालं. नुसतं सैल होऊन डगमगलं असं नाही, निघालं. चाक एकटंच पुढे धावत गेलं, कुंपण मोडून रस्त्याकडेच्या दोन्सांच्या केळीच्या वाडीत शिरलं आणि सहा-सात केळी आडव्या करून थांबलं. ट्रॅक्टर डाव्या अंगावर बसला. मागून ट्रॉलीचा रेटा आला. संग्रामचा डावा पाय मडगार्डखाली अडकला. वाडीतली माणसं धावली, पण विटा उतरवल्याशिवाय काही हलेना. वीस मिनिटं लागली. मी पोहोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "बाई, बाकी कोणाला लागलं का बघा." कोणाला लागलं नव्हतं. समोरून शाळेची रिक्षा येत होती, ती शंभर पावलं लांब होती.

पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं आहे. सळई घातली. डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.

पोलीस आले, पंचनामा झाला. हॉस्पिटलात जबाब घेतला. नट शेवटचे कधी तपासले असं विचारलं तर संग्राम म्हणाला, "राहून गेलं." एवढंच. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला आहे. गावात लोक म्हणतात, प्यायलेला असणार. मी म्हटलं, तो पीत नाही. पण दादा, राग मलाही येतो. महिनाभर रोज सकाळी चाकाजवळ बसणारा माणूस, आणि नेमकं त्याच्याकडून राहून जातं?

इकडे तू सांगितल्याप्रमाणेच सगळं चाललं होतं.

ट्रॅक्टर युजीनच्या गॅरेजला ओढून नेला आहे. लावणी अर्धी राहिली आहे. बांधकामवाल्याने दुसरा ट्रॅक्टर लावला, मला विचारलंही नाही.

क्लेमेंटीन

---

बहारीन,
शुक्रवार, २ ऑगस्ट १९९६

प्रिय क्लेमेंटीन,

तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. देवाची कृपा की रिक्षा लांब होती.

संग्रामबद्दल वाईट वाटतं, पण वाईट वाटणं वेगळं आणि जबाबदारी वेगळी. गाडी सुरू करण्याआधी चाकं बघणं हे ड्रायव्हरचं काम. जगात कुठेही जा, हाच नियम आहे. आमच्याकडे ड्रायव्हर रोज सकाळी कागदावर सही करतो. त्याने कबूल केलंच आहे की राहून गेलं, मग आता चर्चा कशाला?

पोलिसांनी पुन्हा बोलावलं तर एवढंच सांग की गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात होती आणि तपासणी त्याच्याकडे होती. जास्त बोलू नकोस. तुला जास्त बोलायची सवय आहे. बरा झाला की त्याला परत घेऊ नकोस. दुसरा बघ, स्थानिक, ओळखीतला. आणि युजीनला सांग, स्टड बघून ठेव. माझा अंदाज आहे की सारखे आवळून त्याने ते आधीच ताणले होते.

युजीन काय म्हणतो ते कळव.

फर्डिनंद

---

वटार,
रविवार, १८ ऑगस्ट १९९६

दादा,

जास्त बोलू नकोस असं तू लिहिलंस. आज जास्तच लिहिणार आहे, वाचायचं तर वाच.

परवा संग्रामची बायको सुनंदा आली. आचोळ्याहून बस बदलत, पावसात. मला वाटलं, भांडायला आली. महिनाभरात मी हॉस्पिटलात दोनदाच गेले, आणि तो घरी आल्यावर एकदाही नाही, त्यामुळे भांडायला आली असती तरी तिचं चुकलं नसतं. मी चहा ठेवला. तिने तो घेतला नाही. उंबऱ्याशीच उभी राहून म्हणाली, "मी मागायला काही आले नाही. एक सांगायला आले. ह्यांनी पोलिसांपुढे पान्याचं नाव काढलं नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून."



मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. तुझं जूनचं पत्र आलं त्या दिवशी मी संग्रामला हाक मारली आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा मोठे कारागीर आहेत, पण चाक त्यांच्यासमोर नाही, माझ्यासमोर आहे." मला ते उद्धट वाटलं. मी त्याच्या हातातून पाना घेतला आणि कपाटात ठेवून चावी कमरेला लावली. दोनदा त्याने मागितला. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "पंधरा दिवस झाले की देईन, कॅलेंडरवर खूण केली आहे." ती खूण एकोणीस तारखेवर होती. चाक सतराला निघालं.

म्हणजे राहून गेलं ते त्याच्याकडून नव्हे. मी राहायला लावलं.

सुनंदाला विचारलं, त्याने सांगितलं का नाही? ती म्हणाली, "मी पण तेच विचारून दमले. म्हणतात, बाईमाणूस एकटी धंदा चालवते, तिला चौकीच्या पायऱ्या कशाला. आणि म्हणतात, पाना नव्हता तर मी गाडी काढायची नव्हती. काढली ती मी." असं म्हणून तिनं छत्री उघडली आणि गेली. मी बस स्टॉपपर्यंत तिच्यामागे गेले.

आता तुझ्या स्टडचं. युजीनला विचारलं. तो म्हणाला, चार स्टड तुटलेत, पण ते ओढले जाऊन नव्हे, चाक हलून हलून कापले गेलेत. चाकाची भोकं अंड्यासारखी लांबट झाली आहेत. मला त्यातलं काही कळलं नाही. मग त्याने चाकाची मागची बाजू दाखवली, जिथं ते हबला, म्हणजे आसाच्या टोकाच्या तबकडीला, टेकतं. तू इतक्या हौसेने लावलेला लाल रंग तिथून पापडासारखा सुटून आला होता. हातात घेतला तर जाड पापुद्रे, एकावर एक दोन. युजीन म्हणाला, "हे काम कोणी केलं?" मी म्हटलं, माझ्या भावाने, तो बहारीनला फोरमन आहे. तो हात पुसायला लागला.

मला या रंगाचं काय ते सांग. आणि मला काय करायचं तेही सांग. की जास्त बोलू नको हेच पुन्हा लिहिणार आहेस?

क्लेमेंटीन

---

वटार,
रविवार, २२ सप्टेंबर १९९६

दादा,

पाच आठवडे झाले. पॉलिनवहिनीला शेजारच्यांकडून फोन लावला तर ती म्हणाली, बरा आहे, कामात आहे. तू कामात असलास की जास्त पत्रं लिहितोस, मी काय आज ओळखते का तुला.

संग्रामचं प्लास्टर निघालं. पाय घोट्यात वळत नाही. क्लच दाबायचा पाय तोच. मी आता आठवड्यातून दोनदा जाते. तो माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी करतो. मी पान्याचा विषय काढला की पोपटाच्या पिंजऱ्याकडे बघतो. गणपतीत त्याच्या चाळीतल्या एकाने त्याला तोंडावर विचारलं, किती प्याला होतास. त्यालाही त्याने पान्याचं सांगितलं नाही. सुनंदाने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला होता, आणि तो माझ्यावरच चढला होता.

मी चौकीत जाणार आहे. पान्याचं सांगणार आहे. तुझी वाट बघत नाही. पण रंगाचं तू सांगितल्याशिवाय मला सांगता येत नाही, कारण मला ते कळलेलं नाही आणि युजीन तोंड उघडत नाही. तुम्ही सगळे पुरुष एक तर लांबलचक सांगता, नाही तर काहीच सांगत नाही.

क्लेमेंटीन

---

बहारीन,
शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९९६

प्रिय क्लेमेंटीन,

तुझं ऑगस्टचं पत्र मी वर्कशॉपमध्ये, चहाच्या सुट्टीत उघडलं. रंगाच्या ओळीवर आलो आणि पुढचं घरी जाईपर्यंत वाचलं नाही.

मग मी उत्तर लिहिलं. ते तुला पाठवलं नाही. त्यात लिहिलं होतं की स्टड हलक्या दर्जाचे होते, विकणाऱ्याने फसवलं. चांगलं पत्र होतं, कोणालाही पटलं असतं. पॉलिनने ते टेबलावर वाचलं. म्हणाली, "खरं पत्र तू लिहितोस की मी लिहू?" तरीही मी तीन आठवडे घेतले. आता लिहितो.

चाक हबला जिथं टेकतं तिथं लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे. मधे काहीही नको. माती नको, ग्रीस नको, रंग तर मुळीच नको. रंग आधी कडक वाटतो, नट घट्ट बसल्यासारखा वाटतो. भार पडला, चाक तापलं की तो दबतो, चुरतो, निघून जातो, आणि तेवढी फट पडते. नट सैल होतो. पुन्हा आवळला की पुन्हा थोडा रंग चुरतो, पुन्हा सैल. ही गोष्ट मी वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. एकाला याच चुकीसाठी मी सगळ्यांसमोर वाटेल ते बोललो होतो.

मे महिन्यात उजवं चाक आम्ही दोघांनी रंगवलं, मी आणि संग्रामने. त्याने न सांगता टेकायच्या जागेवर वर्तमानपत्र चिकटवलं. मी बघितलं आणि मनात म्हटलं, याला येतं. डावं चाक दुसऱ्या दिवसावर राहिलं. त्या दिवशी तो नांगर दुरुस्तीला गेला होता. दुसऱ्या सकाळी मला निघायचं होतं, आणि मला ट्रॅक्टरसोबत फोटो काढायचा होता, इथं दाखवायला. मी चाक पालथं टाकलं, मागून-पुढून दोन हात मारले. कागद लावला नाही. मागचा रंग पुरता वाळला नव्हता तरी बसवलं. मला माहीत होतं. बसवताना मनात आलंही होतं की हे बरोबर नाही. मग वाटलं, शेतावरचा ट्रॅक्टर आहे, काय होतंय.

फोटो छान आला आहे. वर्कशॉपच्या भिंतीवर लावला होता. काढला.

आणि जूनमध्ये तू लिहिलंस की फक्त डावंच सैल होतं. फक्त डावं. क्लेमेंटीन, कोणताही फोरमन एवढ्यावरून ओळखेल. मी ओळखायचा प्रयत्नच केला नाही. मला एवढंच दिसलं की ड्रायव्हर माझ्या कामाला नावं ठेवतो आहे. त्याला नेमकं काय झालंय ते सांगता येत नव्हतं, कारण त्याने रंग पाहिला नव्हता. तरी चाक बसलेलं नाही हे त्याने ओळखलं. आणि जो ओळखू शकत होता त्याने त्याच्या हातातला पाना काढून घ्यायला लावला.

तू चौकीत जाशील तेव्हा सोबतचा कागद ने. यात हे सगळं मी सही करून लिहिलं आहे. इथल्या वकिलातीत त्यावर शिक्का घेतला. तिथल्या कारकुनाने दोनदा विचारलं, तुम्हाला हे नक्की द्यायचंय का.

संग्रामला तूच वाचून दाखव. त्याला वेगळं लिहायला बसलो, पण सुरुवात जमत नाही.

फर्डिनंद

---

वटार,
रविवार, २७ ऑक्टोबर १९९६

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून मला राग आला नाही असं लिहिणार होते. आला. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. सगळ्यात जास्त राग त्या फोटोचा आला. मग आठवलं, फोटो मीच काढला होता, आणि जरा डावीकडे उभा राहा, चाक दिसू दे, असं मीच म्हटलं होतं.

मंगळवारी आचोळ्याला गेले. संग्राम खाटेवर बसला होता, सुनंदा भाजी निवडत होती. मी पत्र वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही गाळलं नाही. तो ऐकत होता. मधे एकदाच बोलला.

"मागच्या बाजूला पण रंग?"

"हो."

"दोन हात?"

"हो."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता चिडेल. मग तो म्हणाला, "म्हणजे माझा हात चुकत नव्हता."

मी पत्राची घडी घातली.

"तीन महिने मी झोपेत नट मोजतोय, बाई. आठ आवळतो, सातच भरतात. वाटायचं, आपलं वय झालं, आवळायला बसतो आणि एखादा विसरतो, त्याशिवाय का सैल होतील. बायकोला पण बोललो नाही."

सुनंदाने हातातली भाजी बाजूला ठेवली. तिला हे खरंच ठाऊक नव्हतं. दादा, आपण दोघं महिनोन्महिने कोणाची चूक म्हणून पत्रं लिहीत होतो आणि तो बिचारा स्वतःच्या हातावर संशय घेत बसला होता.

गुरुवारी आम्ही तिघं चौकीत गेलो. त्याला रिक्षातून नेलं. मी पान्याचं सांगितलं, तुझा कागद दिला, युजीनलाही आणलं होतं. त्याने पापुद्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते, ते टेबलावर ठेवले. हवालदार वाचत होते तोच संग्राम म्हणाला, "साहेब, बाईंचं खरं आहे, पण गाडी मी बाहेर काढली, तेवढं माझ्या नावावर राहू द्या." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. तो म्हणाला, "तुम्ही गप्प बसा, बाई." पहिल्यांदाच असा बोलला. सुनंदा म्हणाली, दोघं गप्प बसा.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अठरा वर्षं झाली मला. माणसं इथं येतात ती मी नाही, तो, हे सांगायला. तुमच्यात एक बहारीनवरून शिक्का मारून सांगतो मी केलं, एक बाई सांगते मी केलं, आणि ज्याचा पाय मोडला तो सांगतो मी केलं. मी लिहू तरी काय? एकानं तरी नाही म्हणा."

कोणी नाही म्हटलं नाही. त्यांनी तिन्ही जबाब लिहिले, वेगवेगळे. पावणेदोन तास लागले. मधे स्वतःहून चहा मागवला. कागद आता मोठ्या साहेबांकडे जातील. तू रजेवर आलास की तुलाही यावं लागेल, तसं त्यांनी सांगितलं आहे.

आचोळ्याला उतरताना संग्रामने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. मी दिला. त्याला काय लिहायचंय ते मला विचारू नकोस, मीही विचारलं नाही.

क्लेमेंटीन

---

आचोळे,
१४ नोव्हेंबर १९९६

फर्डिनंददादांस सप्रेम नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, हे तिसरं लिहितोय. आधीची दोन फाडली. त्यात राग जास्त झाला होता.

चौकीतून बोलावणं आलं होतं. मोठे साहेब म्हणाले, तुमच्यावरची केस पुढे जाणार नाही, लेखी नंतर मिळेल. दिवाळीला चाळीतली माणसं फराळाला आली. ज्याने मला दारूचं विचारलं होतं तोही आला. त्याला बाईंनी गाठून सांगितलं होतं म्हणे. काय सांगितलं कोण जाणे, माणूस माझ्यासमोर लाडू हातात धरून बसला, खाल्ला नाही.

पाय पूर्वीसारखा होणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते मी मान्य केलंय. बायकोने अजून केलेलं नाही, ती रोज तेल लावते.

दादा, तुमच्यावर माझा राग आहे. नाही असं लिहिलं तर खोटं होईल. रंगाचा कमी आहे. हौसेत माणूस चुकतो. राग त्या पत्राचा आहे, जे बाईंनी मला जुलैमध्ये वाचून दाखवलं. मी कामचुकार आहे असं तुम्ही लिहिलं होतं. ते वाचताना बाई थांबल्या होत्या, पण मला कळलं होतं. तुम्ही तुमचा कागद सही करून पाठवलात, त्याने तो राग अर्धा झाला. उरलेला कधी जाईल ते मला सांगता येत नाही.

माझंही एक आहे. चाक बसत नाही हे मला कळत होतं, पाना हातात नव्हता, तरी त्या दिवशी मी चावी फिरवली. बाई रागावतील, विटांना उशीर होईल, एवढ्यासाठी. शाळेची रिक्षा शंभर पावलं अलीकडे असती तर मी आज कोणाला तोंड दाखवलं असतं. तेवढं माझं आहे. ते तुम्ही दोघांनी काढून घेऊ नका.

आता मुद्द्याचं. बाईंनी नवा ड्रायव्हर ठेवलाय, आणि मला वाडीवर बोलावलंय. म्हणतात, गाडी तुम्ही चालवू नका, पण बाहेर पडायच्या आधी रोज तुम्ही बघायची. मी होकार दिलेला नाही. माझी एक अट आहे. ती बाईंनी मानली, पण ट्रॅक्टर दोघांचा आहे म्हणून तुम्हालाही विचारतो. मी गाडी उभी ठेवा म्हटलं की उभी राहिली पाहिजे. विटांना उशीर होवो, लावणी राहो. मला कारण सांगता आलं नाही तरी.

याचं उत्तर लांबलचक नको. हो किंवा नाही, एवढंच लिहा. मग मी ठरवतो.

आपला
संग्राम